दाबलेली शिंक

"इथं शिंकायचा हक्क फक्त उंदरांना आहे, समजलं?"

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. इतर मुलींच्या नशिबी काय काय असतं... कुणाची छत्री उडते, कुणाची वही पडते, कुणी हळूच "माफ करा हं" म्हणतं. आणि मी? मी खेकसले.

पण माझी तरी काय चूक? सकाळी दहाची वेळ. प्रयोगशाळेच्या जाळीच्या खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर उतरलेलं. एका पांढऱ्या उंदराला तळहातावर घेऊन, अंगठ्यानं त्याचं डोकं चोळत, मी त्याला झोपेच्या इंजेक्शनआधी शांत करत होते. तेवढ्यात दार उघडलं आणि दारातला माणूस शिंकला. शिंकला कसला, तोफच डागली! उंदीर दचकला तो थेट माझ्या ॲप्रनच्या बाहीत.

"अगं बाई गं... कोपरापर्यंत गेला..." मी हात ताठ करून उभी.

"मी... मी काढू का?"

"तुम्ही आहात तिथंच उभे राहा. आणि आणखी शिंकू नका!"

त्यानं ऐकलं नाही. हातातली अवजारांची पेटी खाली ठेवून तो जवळ आला, माझ्या बाहीची कड दोन बोटांनी उघडी धरली आणि मास्कच्या आतून हळूच चुक् चुक् केलं. उंदरानं नाक बाहेर काढलं. पण खरं सांगते, उंदराआधी मला दिसले ते त्याचे डोळे. लालसर, पाण्यानं भरलेले आणि भलतेच हसरे.

"वर्कशॉपमधून आलोय," तो म्हणाला. "दाब मोजायच्या यंत्राची रेघ थरथरते, अशी तक्रार होती."

"यंत्राची थरथरते. माझी नाही," मी उगाचच म्हणाले. माझे कान तापले होते.

आमच्या मजल्यावर मला सगळे 'शिंकवाली' म्हणतात. काम तसंच आहे. झोपलेल्या उंदराच्या मिशीचा एक केस कापायचा, चिमट्यात धरायचा आणि त्याच्याच नाकपुडीत हळूच फिरवायचा. उंदीर झोपेतच शिंकतो... 'खिक्'. एवढीशी शिंक, पण तेवढ्यात त्याच्या पोटात काय काय घडतं ते कागदावर निळ्या शाईत उमटतं.

यंत्र जुनं होतं. त्याची सुई मधेच रुसायची, म्हणून प्रत्येक नोंदीच्या वेळी वर्कशॉपमधल्या कुणीतरी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी हाच आला. तिसऱ्या दिवशीही हाच. उंचापुरा माणूस, त्याचे गुडघे टेबलाखाली मावायचे नाहीत. तो बिचारा अंग चोरून स्टुलावर बसायचा.

"एवढं शिकून तुम्ही उंदरांना शिंका आणता?" त्यानं एकदा विचारलं.

"शिंकेचं कौतुक नाही हो. शिंकताना लघवी का होत नाही, हा प्रश्न आहे."

इथं आलं की लोक एकतर फिस्सकन हसतात नाहीतर घड्याळ बघतात. मी वाट बघत होते.

"का होत नाही?" त्यानं विचारलं. अगदी सरळ. आभाळ निळं का असतं, असं एखाद्यानं विचारावं तसं.

मला तो माणूस त्या क्षणी आवडला. मी कबूल केलं नाही, ते सोडा.

"बोट द्या," मी म्हणाले.

"अं?"

"बोट! समजावून सांगते ना."

त्यानं हातमोजा काढून तर्जनी पुढे केली. मी ती मुठीत धरली. "हे बोट म्हणजे लघवीची नळी. माझी मूठ म्हणजे तिच्याभोवतीचे स्नायू. आता शिंक आली... पोट आवळलं, लघवीची पिशवी दाबली गेली, आतलं पाणी बाहेर पडायला बघतंय. पण पापणी लवायच्या आत पाठीच्या कण्यातून नसेवाटे निरोप सुटतो, 'आवळ!'" मी मूठ आवळली. "कुणी सांगावं लागत नाही. आपोआप होतं. उंदरात तसंच, आपल्यातही जवळपास तसंच."

"आणि नस दुखावली असेल तर?"

"तर निरोपच पोचत नाही. मूठ सैल राहते."

"बरं... आणि शिंक येऊन गेल्यावर?"

"मूठ सुटते."

"सुटते?" असं म्हणून त्यानं खाली पाहिलं. मी अजून त्याचं बोट घट्ट धरून बसले होते. खोलीत यंत्राची घरघर होती, पिंजऱ्यातली चुळबुळ होती, आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे त्या मुठीकडे बघत होतो. मी हात सोडला आणि एकदम फार कामात असल्याचं सोंग केलं.

हा प्रश्न मी निवडला तो मावशीमुळे. मला वाढवलं ते तिनं. माझी मावशी म्हणजे हसण्याचं पोतं... निदान होती. बाळंतपणात तिची ती नस दुखावली, आणि वय वाढलं तसं ते दुखणं वर आलं. शिंकली, खोकली, हसली की तिला थोडी लघवी होते. पाच वर्षं झाली, ती मैत्रिणींकडे जात नाही. कुठं गेलीच तर दाराजवळची खुर्ची धरते. घरीही विनोद ऐकला की ओठ दाबून, पायावर पाय घट्ट टाकून बसते, आणि मला ते बघवत नाही.

म्हणून माझे उंदीर. नस चिमटलेल्या अकरा उंदरांना काहीच उपचार न देता मी आधीच तपासलं होतं. त्यांना शिंक आली तेव्हा नळीच्या दाबाची रेघ सपाट राहिली, मूठ आवळलीच नाही. आता तसेच नस चिमटलेले दुसरे अकरा होते. त्यांच्या नसेला सहा आठवडे रोज मंद विजेचा शेक दिला होता. त्यांची रेघ उठली, तर मावशीसारख्या बायकांसाठी एक दार किलकिलं होणार होतं. आणि एक गोष्ट मी कधीच विसरत नाही. या तपासणीच्या झोपेतून उंदीर पुन्हा उठत नाही. म्हणून प्रत्येकाची रेघ खरी यायला हवी. नाहीतर तो फुकट गेला.

पहिल्या उंदराच्या नाकाशी मी केस नेला. 'खिक्'. आणि निळी रेघ टोकदार उसळली!

"आवळली! मूठ आवळली!" मी ओरडले.

टेबलाच्या त्या टोकाला त्यानं मान खाली घातली होती. वर पाहिलं तेव्हा डोळे पाण्यानं डबडबलेले. मला वाटलं, आनंदानं. वेडी मी!

दुसऱ्याची उसळली. तिसऱ्याची उसळली. दिवस तरंगत जायला लागले. बाहेर धुकं असायचं, काचेवर दव जमायचं, आणि तो त्यावर बोटानं आकडे लिहायचा, चार, पाच, सहा. माझ्या मनात त्या आकड्यांच्या आजूबाजूला भलतंच काहीबाही यायचं... त्याच्या भुवईवरचा लहानसा व्रण, 'बरं' म्हणताना लांबवलेला त्याचा 'ब'. चहाच्या सुट्टीत तो कधी मास्क काढायचा नाही. मी म्हणायचे, "दाढी केली नाही वाटतं?" तो म्हणायचा, "तोंड बघितलंत तर काम विसराल."

"आहाहा! एवढं काय आहे त्या तोंडात?"

"तेच तर... काहीच नाही."

मी हसत सुटायचे. घरी जाऊन मावशीला सगळं सांगायचे. रेघांचं जास्त, त्याचं कमी. मावशी मात्र कमी सांगितलेलंच नेमकं ऐकायची.

अकरापैकी दहांची रेघ उसळली. शुक्रवारी विभागाच्या सभेत मला ते मांडायचं होतं. आमच्या मोठ्या बाई सहसा कौतुक करत नाहीत, पण कागद पाहून म्हणाल्या, "हे चांगलंय." बाईंच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच. मावशीला मी म्हटलं, "बघ, आता आणखी थोडीच वर्षं." तिनं कपाटातून जुनी निळी साडी काढून उन्हात टाकली.

बुधवारी दुपारी जिन्याच्या वळणावरच्या मोठ्या खिडकीशी त्यानं मला गाठलं. मास्क काढलेला होता. नाक लाल, ओठ कोरडे. पण तोंड... बरंच काही होतं त्या तोंडात.

"मला तुम्हाला एक सांगायचंय," तो म्हणाला. "कालपासून सांगीन सांगीन म्हणतोय..."

मी केस कानामागे सारले. बुधवार, दुपारी अडीच, म्हणून मनात नोंदही करून ठेवली.

"सांगा ना..."

"ते उंचवटे... रेघेवरचे..." त्यानं हातातला मास्क खिशात कोंबला. "ते उंदरांचे नाहीत. माझे आहेत."

मला कळेना हसावं की काय करावं. "म्हणजे?"

"मला उंदरांच्या केसांचं वावडं आहे. त्या खोलीत आलो की नाक सळसळायला लागतं. आणि तुम्ही तो मिशीचा केस त्याच्या नाकात घातलात, की बघूनच मला शिंक येते. मी ती दाबतो. मास्कमध्ये, अगदी आतल्या आत. आवाज होत नाही, पण अंगाला हिसका बसतो आणि गुडघा टेबलाला लागतो. नळीचा दाब मोजणारी डबी माझ्याच बाजूला, टेबलाला जोडलेली आहे. काल खोलीत उंदीर नव्हता, यंत्र साफ करताना चालू ठेवलं होतं. मला शिंक आली, मी दाबली... आणि तीच रेघ उसळली."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती मला आजही ऐकू येते.

"दाबली कशाला? मोठ्यानं शिंकायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणाला होतात... हक्क फक्त उंदरांना..."

"अहो, पण मग आलात कशाला रोज? वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी नव्हतं?"

"होतं. दोघं तयार होते." तो माझ्याकडे बघेना. "मीच रोज माझं नाव पुढे करत होतो."

त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं. कळलं, आणि त्यानंच माझा जीव जास्त जळला. "दहा उंदीर," मी म्हणाले. "दहा जीव गेले. तुमच्या हौसेपायी." आणि ताडताड जिना उतरून गेले. तो मागून आला नाही. आला असता तर बरं, असंही वाटलं, आणि आलाच असता तर मी काय बोलले असते देव जाणे.

तासाभरानं मी त्याला निरोप धाडला. प्रेमाचा कसला, कामाचा. रिकाम्या टेबलाशी त्याला त्याच स्टुलावर बसवलं आणि यंत्र चालू केलं. "दाबा शिंक." आदल्या उंदराचा केस तिथं होताच. त्यानं डोळे मिटले, मान हलली, गुडघा लागला, आणि रेघ उसळली. काट्यासारखी टोकदार, माझ्या कागदांवर होती तशी.

त्याच्या रजेचे दिवस मी विचारले. दोनच निघाले. एकदा ताप, एकदा बहिणीच्या घराचं सामान हलवायला गेला होता. त्या दोन दिवशी दोन उंदीर तपासले होते. एकाचा कागद सपाट होता, तो माझा अकरावा. दुसऱ्याचा मी पुन्हा उजेडात धरला. तिथं काटा नव्हता. टेकडी होती. हळू चढलेली, हळू उतरलेली, गोलसर. स्नायू आवळताना दिसतो तसा उंचवटा.

"हा खरा आहे?" त्यानं मागून विचारलं.

"वाटतो खरा. पण एकावरून काहीच म्हणता येत नाही." मी वळले नाही. मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसायला नको होतं.

बाईंनी कागद चष्म्याच्या वरून पाहिले. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "नव्यानं सगळं," त्या म्हणाल्या. "आठ महिने धर. आणि गुडघ्याला जागा असलेलं टेबल आधी करून घे."

घरी मावशी निळ्या साडीला इस्त्री करत होती. मी दारातच सांगून टाकलं. सगळं... शिंक, गुडघा, टेकडी, आणि तो रोज स्वतःचं नाव पुढे करायचा तेही. तिनं इस्त्री उभी केली.

"त्यानं आपणहून सांगितलं?"

"हो."

"तू त्याच्यावर चिडशील हे माहीत असून?"

"मावशी, तुझी पाच वर्षं वाट बघून झालीय! तुला राग येत नाही?"

"अगं, राग कसला येतोय..." ती खुर्चीवर टेकली. "मी काय ठरवलं होतं माहितीये? तुझा तो उपाय आला की पहिल्यांदा मैत्रिणींच्या घोळक्यात मधोमध बसायचं. दाराशी नाही. आणि तो उपाय खोटाच निघाला असता तर? सगळ्यांच्या देखत साडी भिजली असती माझी. मग मी जन्मात घराबाहेर पडले नसते." तिनं माझा हात हातात घेतला. "त्या पोरानं मला त्यातून वाचवलंय. त्याला माहीतही नाही. तू जाऊन सांगशील की मी सांगू?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आणि काय गं... तुझ्याजवळ बसायला मिळावं म्हणून माणूस महिनाभर शिंका गिळत बसला?"

"हो ना..."

"आणि तुला वाटलं, आनंदाश्रू?"

मावशीला हसू फुटलं. ओठ दाबायला ती विसरली. दोन्ही हातांनी पोट धरून ती गदगदा हसली, आणि मग "अगं आई गं!" करत न्हाणीघराकडे पळाली. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि तिचं हसू काही थांबत नव्हतं. मी बाहेर उभी राहून हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम.

शुक्रवारी सभेत मी एकच टेकडी दाखवली आणि बाकीचे नऊ काटे कसे आले तेही सांगितलं. शेवटच्या रांगेतले दोघं हसले. हसू देत. सभा संपल्यावर मी सरळ वर्कशॉपमध्ये गेले. पत्र्याच्या छपरावर भुरभुर पाऊस वाजत होता. तो लोखंडी टेबलाच्या आराखड्यावर वाकून बसला होता, रुंद पायांचं, जड, खाली गुडघ्यांना भरपूर जागा ठेवलेलं टेबल.

"तुमच्यासाठीच काढतोय," तो उठत म्हणाला. "डबी भिंतीला लावीन. टेबल कितीही हललं तरी रेघ हलणार नाही."

"आठ महिने तुम्ही त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही."

"बरं."

"दारातसुद्धा नाही."

"बरं..." त्याचा चेहरा एवढासा झाला. 'ब' लांबवायचंही त्याला सुचलं नाही.

"माझं काम पाचला संपतं," मी म्हणाले. "ॲप्रन तिथंच टाकून, अंघोळ करून, केस धुऊन, दुसरे कपडे घालून मी सहाला बाहेर येईन. रोज. उंदराचा एक केस अंगावर राहणार नाही. तुम्हाला... तुला चालेल?"

हातातली पेन्सिल त्यानं खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"रोज केस धुणार? थंडीतही?"

"थंडीतही."

"सर्दी होईल तुला."

"होऊ दे. तू मला आवडतोस. भारी आवडतोस, आणि नऊ उंदरांचा राग अजून गेलेला नाही. दोन्ही खरं आहे. तुला काय म्हणायचंय?"

"मला..." तो हसला. "मला बुधवारीच म्हणायचं होतं. पण आधी उंदरांचं सांगणं भाग होतं. ते न सांगता हे सांगितलं असतं तर तुला पुढे कधी माझं काही खरं वाटलं नसतं."

त्या दिवशी घड्याळात सहा वाजायला पाच मिनिटं होती तेव्हा मी फाटकाशी पोचले. तो आधीच तिथं होता, छत्री उघडून. एका छत्रीत दोन माणसं चालायची म्हणजे खांदे लागणारच. आम्ही रस्त्याच्या कडेनं हळूहळू निघालो, आणि आठ महिन्यांनी पुन्हा सपाट रेघ आली तर काय, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मग आणखी आठ महिने. तो म्हणाला, "मग माझेही आठ." माझ्या केसांतलं पाणी त्याच्या बाहीवर ठिबकत होतं. बाही खांद्यापासून कोपरापर्यंत ओली झाली, तरी त्यानं हात बाजूला घेतला नाही.